भावाची कातडी

माझा भाऊ जन्मला तेव्हा मी सात वर्षांची होते. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, अंग दुधासारखं. कट्टा गावाजवळच्या आमच्या वाडीत आठ दिवस बायका त्याला बघायला येत होत्या. एवढा गोरा मुलगा अख्ख्या घराण्यात नाही, आईने नशीब काढलं, असं म्हणत होत्या. मग त्याचे डोळे एका जागी ठरत नाहीत, उजेडात तो पापण्या घट्ट मिटून रडतो, हे आईच्या लक्षात आलं. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की याच्या कातडीत रंगच नाही. हा संसर्गाचा रोग नाही, जन्माचीच ठेवण आहे. मुलगा शिकेल, कामधंदा करील, फक्त उन्हापासून जपा. दहा ते चार बाहेर नको, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, उघड्या अंगाला मलम. हे त्यांनी माझ्या वडिलांना दोनदा सांगितलं. मी तिथेच बसले होते.

वडिलांची भातशेती आणि थोडी काजूची झाडं. उन्हात तापल्याशिवाय पुरुषाचं अंग घट्ट होत नाही, असं त्यांचं ठाम मत. लावणीच्या दिवसांत भाऊ त्यांच्याबरोबर चिखलात उभा असायचा, कारण ढग असताना कसलं ऊन? संध्याकाळी त्याची मान आणि कान लालभडक झालेले असायचे. आई खोबरेल चोळायची. दोन दिवसांनी सालपटं निघायची आणि पुन्हा तेच. शाळेत कवायतीला टोपी काढायला लावत, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत म्हणून. वडील एकदाही शाळेत जाऊन काही बोलले नाहीत. छत्री घेऊन फिरणारा मुलगा त्यांना लाजिरवाणा वाटायचा.

मी शिवणकाम शिकले, कट्ट्याच्या बाजारात दुकान टाकलं, आणि भावाचे कपडे शिवायचं काम स्वतःकडे घेतलं. कापड उजेडासमोर धरायचं. पलीकडचं दिसत असेल तर त्यातून ऊनही आत येणार, हे मला कुडाळच्याच डॉक्टरांनी शिकवलं होतं. घट्ट विणीचं सुती कापड, उंच कॉलर, मनगट झाकणाऱ्या बाह्या, टोपीला मागून मानेवर पडणारी झालर. पोरं त्याला हसत. तरी तो घालायचा.

बारावी झाली, पण नजर अधू असल्याने नोकरी कुठे जमेना. शेवटी पावसाळा संपल्यावर वडिलांच्या ओळखीतल्या एका माणसाने त्याला मालवणला ठेवून घेतलं. त्या माणसाचा किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवण्याचा धंदा. काम शेडमध्ये बसून नावं लिहिण्याचं आणि फोन घेण्याचं. सावलीत बसायचं, असं त्याने आमच्या ओसरीवर चहा पिताना स्वतः कबूल केलं होतं. भाऊ तिथेच खोली घेऊन राहू लागला. दर पंधरा दिवसांनी घरी यायचा, तेव्हा अंगात माझाच शर्ट असायचा. बरं चाललंय म्हणायचा. मी विश्वास ठेवला.

डिसेंबरात अस्तर आणि बटणं घ्यायला मी मालवणला गेले आणि त्याला भेटावं म्हणून दुपारी किनाऱ्यावर उतरले. एक वाजला असेल. वाळू चपलेतूनही चटके देत होती. शेडच्या पुढे, अगदी पाण्याजवळ, माझा भाऊ उभा होता. डोक्यावर काही नाही. अर्ध्या बाह्यांचा पातळ टी-शर्ट, हातात दरांची पाटी. दंड पिकलेल्या रतांब्यासारखे लाल. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बायका आणि समोर फोन धरलेला एक माणूस. तो माणूस विचारत होता, हा रशियाचा का? भाऊ मालवणीत काहीतरी बोलला आणि ते सगळे पोट धरून हसले. पाखलो मालवणी बोलतो, म्हणून शेडमधला कोणीतरी ओरडला. पाखलो म्हणजे आमच्याकडे गोरा परदेशी. मग आणखी लोक गोळा झाले.

मी शेडमध्ये गेले. मालक खुर्चीत बसून नारळपाणी पीत होता, सावलीत. मला बघून उठला, बसायला सांगितलं. याला बाहेर कोणी उभं केलं, असं मी विचारलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. लोक थांबतात, बघतात, मग बोटीत बसतात, असं तो कौतुकाने सांगू लागला. टोपी काढायला त्यानेच लावली होती, तोंड दिसायला हवं म्हणून.

"सकाळी क्रीम लावता तो, मीच हाडून दिलंय," तो म्हणाला. "गोरो माणूस, जरा काळो पडलो तर काय बिघाडला?"

"तो काळो पडणा नाय," मी म्हणाले. "तो भाजता."

सकाळी एकदा लावलेलं मलम घामाने आणि खाऱ्या पाण्याने तासा-दोन तासांत निघून जातं, ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं, वाळू आणि पाणी खालून ऊन परत फेकतात, हे सगळं मी त्याला सांगितलं असतं. पण तो ऐकायला बसलाच नव्हता. मी भावाचा हात धरून त्याला आत ओढलं. त्याच क्षणी मला त्याच्या कानाखाली मानेवर खपली दिसली, शर्टाच्या बटणाएवढी, कडा उंचावलेली. दाढी करताना कापलं, तो म्हणाला. कधी, विचारलं तर म्हणाला, गणपतीच्या आधी.

त्याने हात सोडवून घेतला. मला वाटलं होतं तो माझ्या बाजूने बोलेल.

"जन्मभर लोक माका बघून हसले गो," तो म्हणाला. "हयसर माझ्यावांगडा फोटो काढूक रांग लावतत. तुका ता पण बघवणा नाय?"

मी आणखी चिडले. ते लोक आताही हसतच होते, एवढं त्याला दिसत नव्हतं का? तू आत्ता येणार नसशील तर मीही इथून हलत नाही, एवढंच सांगितलं आणि शेडच्या दारात बसून राहिले. तासाभराने त्याने पिशवी उचलली. परतीच्या एसटीत तो पुढे जाऊन वेगळ्या सीटवर बसला.

दुसऱ्याच दिवशी त्याला कातडीच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी खपलीचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. लवकर सापडला, काढून टाकला की पुरेसं आहे, असं त्यांनी समजावलं. मी त्यांना किनाऱ्यावरचं सगळं सांगितलं. खरं तर मला त्यांच्या तोंडून मालकाचा गुन्हा ऐकायचा होता. त्या म्हणाल्या, "त्याने वाईटच केलं. पण ही गाठ दोन-तीन महिन्यांच्या उन्हाची नाही. हे लहानपणापासूनचं साठलेलं आहे."

मालकावर राग धरणं सोपं होतं. आता तो राग घरात आणावा लागला. आणि घरात मीही होते. आठवीत असताना तो रडून हट्ट करायचा, तेव्हा मी त्याला उघड्या अंगाने व्हाळात पोहायला सोडलं होतं, एकदा नाही, अख्खी मे महिन्याची सुट्टी.

ऑपरेशन झालं, मानेला टाके पडले. त्याला घरी आणलं तेव्हा वडील ओसरीवर होते. पट्टीकडे बघून म्हणाले, "आमका काय म्हायत?"

"डॉक्टरान दोनदा सांगितल्यान तुमका," मी म्हणाले. "मी थयच होतंय."

आई आतून आली आणि मला गप्प राहायला सांगू लागली. मी गप्प राहिले नाही. लावणी, कवायत, छत्री, सगळं काढलं. वडील उठून काजूंकडे निघून गेले. त्यानंतर आम्ही दोघं बोलतो, पण कामापुरतं. लोक म्हणतात, म्हातारा माणूस, सोडून दे. मी सोडलेलं नाही. माझं स्वतःचंही सोडलेलं नाही.

भाऊ आता कट्ट्याला झेरॉक्सच्या दुकानात बसतो. सकाळी आठला जातो, पाचनंतर बाहेर पडतो. दर काही महिन्यांनी डॉक्टर बाई त्याचं अंग नखशिखांत तपासतात. किनाऱ्याची त्याला आठवण येते, हे तो लपवत नाही. माझ्यावरचा त्याचा राग महिनाभर टिकला. पुरता गेला का, ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात मलम संपलं म्हणून आम्ही दोघं मेडिकलमध्ये गेलो. ते मलम तिथे पावडर आणि लिपस्टिकच्या रांगेत ठेवतात. दुकानातल्या वैनींनी डबी काढली, भावाकडे बघितलं आणि हसून विचारलं की एवढ्या गोऱ्याला आणखी कशाला, लग्न ठरलं की काय. मी तोंड उघडणार होते. त्याआधी तोच बोलला, आवाज न चढवता, पण मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"लगीन नाय वैनी. कॅन्सर झाललो."

त्यांनी डबी कागदात गुंडाळली आणि आमच्याकडे न बघता पुढे सरकवली. त्याने ती घेतली, अजून एक द्या म्हणाला, आणि त्या दुसरी शोधेपर्यंत तिथेच उभा राहिला.