चांदण्या निघेपर्यंत चूल नाही

शुक्रवारी दुपारी सगळी तयारी झाली होती. लायब्ररीच्या मागच्या अंगणात विटांची चूल मांडली होती, पितळी पातेलं घासून ठेवलं होतं आणि परभणीत मिळतील तेवढे नारळ मी गोळा केले होते. तेवढ्यात साराबाई आल्या. चूल बघून खूश झाल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय. उद्या दिवस मावळला की पेटवू."

मी म्हणालो, "बाई, कार्यक्रम दुपारचा आहे."

"दुपारचा? शनिवारी?" त्यांनी विचारलं.

थोडं मागचं सांगतो. आमचा मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी पेडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, अख्ख्या भावकीत पहिला बी.ए. हे मी तेव्हाही सांगत असे, आताही सांगतो. हैदराबादला लायब्ररीचा सर्टिफिकेट कोर्स केला आणि परभणीच्या एका वाचनालयात लायब्ररियन झालो. तिथे 'क्लोज्ड अ‍ॅक्सेस' होता. म्हणजे पुस्तकं कुलुपात. वाचकानं चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, मी कपाटातून काढून द्यायचं. चिठ्ठी घेऊन बाईमाणूस कधी आलं नाही. मागची एक खोली रिकामी पडली होती. ती मला बायकांसाठी हवी होती, उघड्या कपाटांची. कमिटीचे अध्यक्ष वकीलसाहेब, त्यांना तिथे कॅरम हवा होता. बोर्ड आणूनही ठेवला होता. शेवटी ते म्हणाले, "नामदेवराव, एकदा बायका आणून दाखवा. आल्या तर खोली तुमची. नाही आल्या तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

साराबाईंचे यजमान रेल्वेत ओव्हरसियर, बदली होऊन आलेले. ही मंडळी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. भाषा आपली, नऊवारी आपली, देवघर तेवढं वेगळं. बाईंनी त्यांच्या समाजातल्या पदार्थांचं पुस्तक लिहून छापलं होतं, आणि त्यांच्या लोकांनी लिहिलेली मराठी पुस्तकं ट्रंकेत भरून गावोगाव बदलीबरोबर नेली होती. मी ठरवलं, या यहुदी पुस्तकांचं प्रदर्शन भरवायचं आणि बाईंनी आपल्या पुस्तकातला एक पदार्थ, गव्हाच्या चिकाचा हलवा, सर्वांसमोर करून दाखवायचा. नुसत्या पुस्तकांना बायका येणार नाहीत, पातेल्याला येतील, असा माझा अंदाज. दिवस शनिवार, कारण परभणीचा बाजार शनिवारचा. आसपासच्या खेड्यांतल्या बायका त्या दिवशी गावात असतात आणि उन्हं कलली की गाड्या परततात.

हे सगळं मी बाईंना आता सांगितलं. त्यांनी त्यांचं सांगितलं. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी आभाळात तीन चांदण्या निघेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार. त्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, रांधायचं नाही.

"कोकणात आम्हाला शनवार तेलीच म्हणतात," त्या म्हणाल्या. "शनिवारी आमचा घाणा बंद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुम्ही शनिवार म्हणालात, मी संध्याकाळ धरली."

दिवस बदलावा तर हलव्यासाठी गहू भिजवून, वाटून चीक काढलेला. तो पुढच्या बाजारापर्यंत थोडाच टिकणार?

वकीलसाहेब आले. त्यांनी तोडगा काढला, की चूल दुसऱ्या कुणीतरी पेटवावी, ढवळावंही त्यानंच, बाईंनी खुर्चीत बसून सांगावं.

"भाऊसाहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्यासाठी पेटवलेला विस्तव तो माझाच की. नियम मोडून केलेला हलवा माझ्या पुस्तकातला म्हणून कसा वाढू?"

नियमाचा मुद्दा वकिलाला पटतो. मान हलवून ते निघाले. जाताना मला म्हणाले, "कॅरमची पावडर मागवून ठेवतो मग."

शनिवारी सकाळी मी बाजारात गेलो. माझी चुलती, गंगाकाकू, मिरच्या विकायला बसली होती. पेडगावच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. मी तिच्यासमोर बसून शब्बाथ समजावून सांगू लागलो. बी.ए. झालेला माणूस सुरुवात फार लांबून करतो.

"एवढी फोड कशाला करायलास नामा," काकू मिरच्या तोलत म्हणाली. "चांदण्या निघाल्याबिगर चूल न्हाई, एवढंच ना? मग चवथ हाय म्हण की. आमी न्हाई का चंद्राची वाट बघत?"

"पण काकू, गाड्या?"

"गाडी तुझ्या काकाची हाय. ते माझ्यासाठी थांबत न्हाईत, पण गोडासाठी थांबतेत. कशाचा हलवा म्हणलास?"

"गव्हाच्या चिकाचा. नारळाच्या दुधात."

"चिकाच्या आमी कुरडया करतो बाबा. हलवा कसा करतेत ते बघाया पायजे."

दुपार टळल्यावर काकू आली ती बायकांचा घोळका घेऊनच. मागून वकीलसाहेबांच्या पत्नीही आल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू. वहिनींना वाचता येत होतं, पण लायब्ररीची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. सगळ्याजणी आधी अंगणात गेल्या. चूल गार. साराबाईंनी हसून सांगितलं, अजून वेळ आहे, तोवर पुस्तकं बघा.

करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पुस्तकं मागच्या खोलीत टेबलांवर उघडी मांडली होती. बायकांनी पदराला हात पुसले आणि पानं उलटायला लागल्या. वाचता येणाऱ्या फार थोड्या. मग साराबाईंनी एक कीर्तनाचं पुस्तक घेतलं. त्यांच्या लोकांतही मराठी कीर्तनं होतात. दावीद नावाचा मेंढरं राखणारा, पुढे राजा झालेला पोरगा, समोर डोंगराएवढा योद्धा, आणि पोराच्या हातात गोफण.

"गोफणीनं पाडला?" काकूनं मधेच विचारलं.

"गोफणीनंच."

"मग खरं आसंल. माझ्या भावानं गोफणीनं रानडुकराचा डोळा फोडलाय." थोड्या वेळानं ती शेजारणीला म्हणाली, "हे तर आपलंच कीर्तन हाय गं. राजा तेवढा दुसरा."

कोपऱ्यात वहिनी साराबाईंचं पाककृतीचं पुस्तक, त्यांनी लायब्ररीला भेट दिलेलं, घेऊन बसल्या होत्या. त्या एकेक पदार्थ मोठ्यानं वाचायच्या आणि भोवतालच्या बायका त्यावर भांडायच्या. नारळाचं दूध कशाला, गाईचं काय वाईट, असं एकीनं विचारलं. साराबाईंनी सांगितलं, मटणाच्या जेवणावर आम्हाला गाईम्हशीचं दूध चालत नाही, म्हणून नारळाचं. ते सगळ्यांना पटलं. ज्याचा त्याचा उपास, ज्याचं त्याचं सोवळं.

दिवस मावळला. सगळा घोळका अंगणात माना वर करून उभा. दोन चांदण्या लगेच सापडल्या. तिसरी लिंबाच्या आड होती, ती काकूनं शोधली आणि साराबाईंना बोट करून दाखवली. बाईंनी तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि काडी ओढली.

नारळ खवायला चार हात होते, ढवळायला दहा. जायफळ, वेलदोडा पडला. हलवा थापून, गार करून वड्या पाडायच्या असतात. पण एवढी वाट पाहिल्यावर गार होईपर्यंत कोण थांबतं? पळसाच्या पानांवर गरमागरमच वाटला. काका दोनदा घेऊन गेले.

वकीलसाहेब वहिनींना न्यायला आले, तर काकूनं त्यांच्याही हातात पान दिलं. तेवढ्यात वहिनी पुस्तक घेऊन माझ्यापुढे आल्या. "हे मला घरी न्यायचंय."

मी म्हणालो, "वहिनी, त्यासाठी मेंबर व्हावं लागतं. कमिटीतल्या एकाची सही लागते."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत ना?"

वकीलसाहेबांचा उजवा हात हलव्यात होता. "हात धुऊन करतो," ते म्हणाले.

खोली आम्हाला मिळाली. कपाटांना कुलपं लावली नाहीत. कॅरमबोर्ड चार विटांवर ठेवून त्यावर मी नवी पुस्तकं मांडत असे. साराबाईंच्या पुस्तकाच्या चिकाच्या हलव्याच्या पानावर लवकरच तेलकट अंगठा उमटला. नियमानं डागाळलेलं पुस्तक बाद करायचं असतं. मी रिटायर होईपर्यंत केलं नाही.

वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये कुलूप नसावं, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. चूल थोडी उशिरा पेटवावी, हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि त्यानंतर मी पाहुण्यांना कार्यक्रमाची तारीख कळवताना, त्यांचा दिवस केव्हा उजाडतो तेही विचारू लागलो.