हलकी रायफल आणि वसंताची करंगळी

वसंत तावडे गेल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली तेव्हा मी आधी ती खरी आहे का ते तपासलं. आमच्याकडे तावडे दोन. बी विंगमधले तावडे वर्षभर आजारी होते, त्यामुळे कुणीतरी घाईत चुकीचं नाव टाकलं असणार, असा माझा संशय. खाली वॉचमनला फोन लावला. मग लिफ्टची वाट न बघता जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर उतरलो. वसंताचं दार सताड उघडं होतं, बाहेर चपलांचा ढीग होता, तरीही मी दारावरची पाटी वाचली... सकाळी देवाला फूल वाहताना तो खाली बसला तो उठलाच नाही. याला आता सहा आठवडे झाले. त्या दिवसानंतर मी त्या घरी गेलो नव्हतो. त्यांचा एक स्टीलचा डबा माझ्या ओट्यावर पडून होता, आणि तो परत न्यायची हिंमत होत नव्हती.

संशय घेणं ही माझी नोकरीच होती. बोरीवलीच्या नॅशनल पार्कात तेहतीस वर्षं वनरक्षक म्हणून काढली. लाकडं वेचणारी बाई, हातात हात घालून आत शिरणारं जोडपं, कॅमेरा लटकवलेला साहेब, सगळ्यांच्या पिशव्या मी उघडून बघितल्यात. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली अजून वाकून बघतो. वसंत अंधेरीतल्या एका बंदुकांच्या दुकानात मिस्त्री होता. बँकेच्या पहारेकऱ्यांच्या, कोकणातल्या बागायतदारांच्या, रेंजवर नेम धरणाऱ्यांच्या परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचा. मी बंदुकवाल्यांना पकडणारा आणि हा त्यांच्या बंदुका नीट करणारा. तरी आमची गट्टी जमली. तो मला नावानं कधी हाक मारायचा नाही. ‘गार्ड’ म्हणायचा.

माझी बायको गेल्यापासून दर रविवारी वसंताची बायको सुलभावहिनी माझ्यासाठी माशांचं कालवण पाठवायच्या आणि वसंत डबा घेऊन यायचा. मागच्या रविवारचा रिकामा डबा मी परत द्यायचा. पण तो सरळ घेईल तर वसंत कसला! झाकण काढायचा, आत बघायचा, उजव्या हाताची करंगळी आतून फिरवायचा आणि मगच डबा काखेत मारायचा. ही त्याची दुकानातली सवय. बंदूक कुणीही दिली, समोर रिकामी करून दिली, तरी बोल्ट मागे ओढून काडतूस बसतं त्या जागेत करंगळी घालून बघायची. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, असं त्याचं म्हणणं. त्या करंगळीच्या नखात तेलाचा काळा मळ कायम असायचा. मी एकदा चिडून विचारलं, “डब्यात काय काडतूस ठेवतो का रे मी?” तर हसून म्हणाला, “तुझो काय नेम?”

गेल्या वर्षी एका दुपारी त्याचा फोन आला. “गार्ड, दुकानात येऊन जा. एक नवीन चीज आली हा.” गेलो. टेबलावर फडक्यावर एक रायफल होती. लाकूड नावाला नाही. राखाडी रंगाचा प्लास्टिकसारखा दस्ता, बारीक नळी, वजन कमी करायला नळीवर उभ्या खाचा. वसंतानं बोल्ट ओढला, करंगळी घातली, मला दाखवली आणि रायफल माझ्या हातात दिली. पहिल्यांदा वाटलं की अर्धी आपल्याकडे दिलीय आणि अर्धी त्याच्याकडेच राहिली. पार्कातली आमची जुनी धुडं खांद्यावर घेऊन मी डोंगर चढलोय, तासाभरात खांदा सोलून निघायचा. ही एका हातात राहत होती. बोल्ट नव्या ड्रॉवरसारखा सरकत होता, कुठे अडकणं नाही, खडखड नाही. चांगली होती, हे कबूल करतो. म्हणूनच मला ती आवडली नाही.

“हलकी हा म्हणान फसू नको,” वसंत म्हणाला. “खांद्याक जास्त लाथ मारता.”

मग त्यानं मला जे सांगितलं ते मी विसरलो नाही. रेंजवर निशाणेबाजी करणारा माणूस जड रायफल मागतो, कारण जड रायफल हातात हलत नाही. हलकी कोण मागतो? ज्याला ती घेऊन दिवसभर चालायचं असतं तो. परदेशात हरणाच्या शिकारीसाठी अशा करतात. “आणि आपल्याकडे?” मी विचारलं. इथे तर हरणाच्या अंगाला हात लावणं हाच गुन्हा. वसंत फडक्यानं नळी पुसत राहिला. गिऱ्हाईक कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, “नाव मी सांगूचंय नाय.” गिऱ्हाइकाचं नाव दुकानाबाहेर काढायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला नियम मला ठाऊक होता. पण त्याच्या हाताकडे बघताना वाटलं, हा ती नळी जरा जास्तच मायेनं पुसतोय.

पुढच्या रविवारी त्यानं डबा दिला आणि दारातच विचारलं, “गार्ड, पार्काच्या त्या टोकाला, बंगले आहेत तिथे, पाणवठा कुंपणापासून किती लांब रे? चितळं येतात ना तिथे?” माझ्या डोक्यात घंटा वाजली. म्हटलं, “तुला कशाला?” तो म्हणाला, “सहज. साठ मीटर असेल?” मी म्हटलं, असेल. साठच होतं. मी ते अंतर पावलांनी मोजलेलं आहे... रात्रंदिवस चितळांवर डोळा ठेवणारी माणसं असेच प्रश्न विचारतात, सहज म्हणून. कालवण तसंच ठेवलं. जेवणच गेलं नाही त्या दिवशी.

तीन दिवसांनी मी माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका वनपालाला फोन केला. वसंताचं नाव सांगितलं, दुकान सांगितलं, साठ मीटर सांगितलं. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस, एवढी विनंती केली. ही विनंती केली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी अकराला खात्याची जीप सोसायटीत आली. चार माणसं वर गेली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. वहिनींनी स्वतः कपाटं उघडून दिली. सापडलं काय, तर तेलाची डबी, दोन ब्रश आणि फडकी. मी माझ्या गॅलरीत उभा होतो. वसंत खाली जीपपर्यंत त्यांना सोडायला आला आणि परत वळताना त्यानं वर बघितलं. दुसऱ्या दिवशी रविवार. मला वाटलं, आता डबा येत नाही. आला. मी जुना रिकामा डबा पुढे केला. त्यानं झाकण काढलं, करंगळी फिरवली. “रिकामो हा,” म्हणाला आणि गेला. त्यानंतर आठ महिने दर रविवारी तो आला आणि त्या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही. मी मनात म्हणत राहिलो, गुन्हेगार नसता तर भांडला असता!

परवा शेवटी डबा घासला आणि खाली गेलो. वहिनींना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. चहा झाला, तरी डबा हातातच धरून बसलो होतो. शेवटी म्हटलं, “वहिनी, ती झडती... तो फोन...”

“ह्यांना माहीत होतं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी म्हणाले, गार्ड असणार.”

मग त्यांच्याकडून कळलं. ती रायफल आणणाऱ्यानं रेंजसाठी म्हणून ती घेतली होती आणि वरची दुर्बीण बरोब्बर साठ मीटरवर जुळवून मागितली होती. रेंजवर साठ मीटरला निशाण नसतंच. वसंताला तिथेच वास आला. त्या माणसाचा बंगला पार्काला लागून. पाणवठ्याचं अंतर मला विचारून त्यानं खात्री केली आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं नाव दुकानाबाहेर काढलं, पोलिसांकडे लेखी अर्ज दिला. “अंतर विचारायला निघाले तेव्हा मी म्हटलं, भाऊजींना तरी सगळं सांगा,” वहिनी म्हणाल्या. “तर म्हणाले, खात्री झाल्याशिवाय कुणावर आळ घालू नये.”

मला राहवलं नाही. “माझ्याबद्दल काय म्हणाला?”

“तुमच्याबद्दल?” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “मी खूप चिडले होते. तर हे म्हणतात, ‘गार्डान बोट घालून बघितल्यान. मी रोज दुसरा काय करतंय?’”

खरं सांगतो, तेव्हाही मनात आलं, की माझं मन राखायला वहिनी हे रचून सांगत असतील. जिन्यात येऊन वनपालाला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, तावडेंचा अर्ज तुमच्या फोनच्या दोन दिवस आधीचा. चौकीतून आमच्याकडे यायला उशीर झाला. ती रायफल चौकशीसाठी ठेवून घेतलीय.” फोन बंद करून मी पायरीवर बसलो. वसंता, तू मला शिव्या द्यायला हव्या होत्यास रे. आठ महिने वेळ होता आपल्याकडे.

डबा अजून हातातच होता. पुन्हा त्यांच्या दारात जाऊन बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं आणि मी डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला, दारातच झाकण काढलं, आत बघितलं. मग करंगळी आतून एकदा फिरवली.

“रिकामा आहे,” त्या म्हणाल्या. “रविवारी पाठवते.”