तुंगाबाईंनी जुळवलेलं मारेनचं लग्न

तुंगाबाईंनी जुळवलेलं लग्न मोडलं, असं १९९८ सालापर्यंत बसवनगुडीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांचे यजमान व्यंकटेशराव यांचं चिकपेटेत साड्यांचं ठोक दुकान. त्या कानडी शहरातली मराठी मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला तिथं येत, आणि साड्या उलगडता उलगडता कुणाकडे कोण लग्नाचं राहिलंय ते व्यंकटेशरावांच्या कानावर पडे. ते घरी येऊन सांगत, पुढचं तुंगाबाई बघत. त्यांचा नियम एकच होता. विचारायला मुलीकडच्यांनी यायचं आणि मुलीनं स्वतः तोंड उघडायचं नाही. या नियमापुढे ब्रह्मदेवाचंही चालत नसे.

अशा बाईला कॉम्प्युटरवरच्या खेळाचं वेड लागावं याचा दोष कल्पनाकडे जातो. कल्पना मूळची निपाणीची. तुंगाबाईंचा एकुलता एक मुलगा विनोदकुमार याच्या ऑफिसात ती नोकरीला होती. विनोदनं एस. पी. रोडच्या बाजारातून सुटे भाग घेऊन जोडून आणलेला कॉम्प्युटर बघायला म्हणून एका शनिवारी ती आली, येताना फ्लॉपीवर एक खेळ घेऊन आली, आणि विनोद आंघोळीला गेला तेवढ्यात तिनं तो तुंगाबाईंना दाखवला.

खेळात मारेन नावाची एक नाव वल्हवणारी मुलगी होती आणि टोबिन नावाचा नकाशे काढणारा मुलगा. ती त्याला बेटाबेटांवर नेई आणि वाटेत संकटं येत. पण तुंगाबाईंना संकटांशी कर्तव्य नव्हतं. दर मुक्कामाला टोबिन काहीतरी बोले आणि मारेननं काय उत्तर द्यायचं ते खेळणाऱ्यानं निवडायचं, तिथं त्यांचा जीव अडकला. कल्पना इंग्रजी वाचून मराठीत सांगे, तुंगाबाई विचार करून हुकूम सोडत.

“मनातलं सांगू की गप्प राहू, असं विचारतंय काकू.”

“गप्प. पोरीनं आधी बोलायचं नाही. त्याला बोलू दे की.”

टोबिन काही बोलला नाही, पहिला भाग संपला. दोन वर्षांनी दुसरा आला. पहिल्या भागात खेळणाऱ्यानं जे केलं ते फ्लॉपीवरून पुढच्या भागात नेता येई, म्हणजे मारेनचं गप्प राहणं वाया जाणार नव्हतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी टोबिननं तिला स्वतः काढलेला नकाशा दिला आणि तिच्या गावाजवळ तिचं नाव लिहिलं. तुंगाबाईंच्या हिशेबी हा साखरपुडाच झाला. व्यंकटेशराव थट्टेनं म्हणाले, “मारेनसाठी शालू काढून ठेवू का गे?” त्यावर या गंभीरपणे म्हणाल्या, “हिरवा ठेवा. गोरी आहे ती.”

खरा शालू त्यांना कुणासाठी हवा होता हे सांगायला ज्योतिषी नको. दर शनिवारी घरात येणारी, वाटीतलं तूप स्वतः वाढून घेणारी ही निपाणीची पोर आपली सून व्हावी, हे त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला पाटावर बसवून त्या तिची ओटी भरत. बाकीच्या बायका काय समजायचं ते समजत. फक्त निपाणीहून कुणी विचारायला येत नव्हतं, आणि मुलाकडच्यांनी आपण होऊन जाणं तुंगाबाईंच्या शास्त्रात बसत नव्हतं. म्हणून त्या थांबल्या. चार वर्षं थांबल्या.

तिसरा, शेवटचा भाग मार्गशीर्षात संपला. शेवटच्या बंदरावर मारेनपुढे पुन्हा तोच प्रश्न आला, आणि तुंगाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. “आता बोलू दे तिला,” त्या म्हणाल्या. “फार झालं.”

मारेन बोलली. पडद्यावर चार ओळी उमटल्या, टोबिन जहाजावर चढला, आणि खेळ करणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली.

“काय म्हणाला तो?”

“आपण चांगले सोबती होतो, तसेच राहू म्हणाला.”

“नीट वाच गे.”

“नीटच वाचलं, काकू.”

तुंगाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी त्यांनी दोष स्वतःवर घेतला. दुसऱ्या भागात बोलायला हवं होतं, आता बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं. कल्पनानं जुनी फ्लॉपी आणून दुसरा भाग नव्यानं खेळायला घेतला. यावेळी मारेन पहिल्याच मुक्कामाला बोलली, दर मुक्कामाला बोलली, तिच्या जिभेला विश्रांती म्हणून मिळाली नाही. त्यातून पुढे तिसरा भाग पुन्हा संपवला. संक्रांत उलटून गेली होती. आणि टोबिन त्याच चार ओळी म्हणून त्याच जहाजावर चढला.

“म्हणजे आपण काहीही केलं तरी हेच?” तुंगाबाई उठून उभ्या राहिल्या. “मग आम्हांला विचारत कशाला होतात रे भाड्यांनो? सांग की गप्प राहा, सांग की गप्प राहा, चार वर्षं डोकं खाल्लंत. नाही म्हणायचं होतं तर पहिल्या भागात म्हणायचं. नकाशावर नाव लिहायचं आणि शेवटी तोंडाला पानं पुसायची. ही काय रीत झाली?”

कल्पनानं फ्लॉपी बाहेर काढली. मग म्हणाली, “मीही मारेनसारखं विचारून बघितलं.”

“कुणाला?”

“विनोदना. दसऱ्याला. माझ्या बाबांना घेऊन येऊ का म्हटलं. आपण चांगले मित्र आहोत, तसेच राहू म्हणाले.”

तुंगाबाई खाली बसल्या. दसऱ्यानंतर किती शनिवार ही पोर येऊन इथं बसली, ते वाक्य आपल्याला दोन-दोनदा वाचून दाखवलं, आणि आपण तिला नीट वाच म्हणालो. तोंडून निघालं ते भलतंच. “मग तू येत कशाला राहिलीस गे?”

“हा भाग संपवायचा होता ना तुमच्याबरोबर. आता संपला.” तिनं पर्स उचलली. “बाबांनी बेळगावचं एक स्थळ बघितलंय. हो म्हणून कळवलं मी.”

“पहिल्यापासून काढू या की,” तुंगाबाई म्हणाल्या. “पहिल्या भागापासून.”

“शेवट बदलत नाही, काकू.” तिनं वाकून नमस्कार केला आणि ती गेली. तुंगाबाईंना कुंकू लावायचंही सुचलं नाही.

विनोद तासाभरानं स्कूटरवरून आला. हातपाय धुऊन ताटावर बसला, आणि त्याच्या पानात भात न वाढताच तुंगाबाईंनी सुरुवात केली. दात-ओठ खाऊन त्या बोलत होत्या. चार वर्षं पोर घरात येते, तुला काही कळलं नाही? नाही म्हणायचं होतं तर आधी म्हणायला काय झालं होतं? तिला झुलवत का ठेवलंस?



“अम्मा, मी कधी झुलवलं? पहिल्या वर्षी मला ती आवडायची. घरी आलो की तुम्ही दोघी त्या कॉम्प्युटरपुढे. मी मध्ये आलो की तू म्हणायचीस, स्वल्प थांब, मारेनचं नाजूक चाललंय. मी बाहेर जाऊन बसायचो. पुढे सवय झाली.” त्यानं रिकामं ताट स्वतःकडे ओढलं. “दसऱ्याला तिनं विचारलं तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. मला वाटायचं, ती तुझ्याकडे येते.”

तुंगाबाईंना ओरडायचं होतं, सबबी सांगू नकोस म्हणायचं होतं, आणि त्यात थोडी सबब होतीही. पण कल्पना सून व्हावी म्हणून रोज देवाला साकडं घालणाऱ्या त्याच, आणि दर शनिवारी पोराला खोलीबाहेर काढणाऱ्याही त्याच.

त्यांनी भाताचं पातेलं उचललं, पोराच्या ताटात वाढलं आणि वाढतच राहिल्या. तो “पुरे, अम्मा” म्हणाला तरी त्यांचा हात थांबला नाही.