बाहेर शून्य, आत धडाम

माझा धाकटा भाऊ लुबोवा लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायचा. त्यामुळे आमच्या न्येंडो वस्तीतल्या व्हिडिओ हॉलमध्ये त्याला काम मिळालं तेव्हा घरात कोणाला नवल वाटलं नाही. काम बोलण्याचंच होतं. सिनेमे येतात इंग्रजीत नाहीतर चिनीत. लुबोवा पडद्याशेजारी माइक घेऊन बसतो, बटण फिरवून सिनेमाचा आवाज खाली आणतो आणि सगळी गोष्ट आमच्या लुगांडात सांगतो. नायक, नायिका, खलनायक, खलनायकाची सासू, सगळ्यांचे आवाज एकटाच काढतो. ज्या सिनेमात सासू नसते, त्यातही तो घालतो. अशा माणसाला आमच्याकडे व्हीजे म्हणतात. सिनेमा कोणता लागलाय हे आमच्या मसाका शहरात कोणी विचारत नाही, सांगतोय कोण ते विचारतात.

मी हॉलच्या दाराशी तवा मांडते. चपातीत ऑम्लेट गुंडाळून देते, लोक त्याला रोलेक्स म्हणतात. हॉलची भिंत पत्र्याची आहे, त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांतले सगळे सिनेमे मी कानांनी पाहिलेत.

अंतराळाच्या सिनेमात तर लुबोवाचा हात धरणारा कोणी नाही. त्याची यानं टॅक्सी स्टँडवरून सुटतात. "चंद्र, चंद्र, चंद्र! एकच सीट बाकी. कोंबड्या टपावर ठेवा, ताई." यान फुटलं की सिनेमातला आवाज त्याला पुरत नाही. तो स्वतःच्या तोंडाने असा धडाम करतो की माझ्यासमोरची अंडी हलतात.

त्याची मुलगी नासूना पंधरा वर्षांची. शाळा सुटली की ती हॉलमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि घरी जाताना बापाला सांगायची, आज कुठला आवाज बरा जमला आणि कुठला नाही. लुबोवाला दुसऱ्या कोणाच्या शाबासकीची गरज नव्हती.

मग शाळेत बिरुंगी बाईंनी विज्ञानाची चाचणी घेतली. प्रश्न असा की अंतराळात यानाबाहेर तरंगणाऱ्या माणसाला दूरच्या यानाचा स्फोट ऐकू येईल का. अर्ध्या वर्गाने 'येईल' लिहिलं. नासूनाने कारणही दिलं, 'माझ्या वडिलांनी ऐकवला आहे.' बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. ज्यांनी स्वतः 'येईल' लिहिलं होतं तेही हसले, माणसाची जात अशीच.

त्या दिवसापासून पोरगी हॉलकडे फिरकेना. सकाळी रीतीप्रमाणे गुडघे टेकून बापाला नमस्कार करायची, ते चुकवलं असतं तर गाठ माझ्याशी होती. पण नमस्कारापुढे एक शब्द नाही. लुबोवाने विचारलं, आज यानाचा सिनेमा आहे, येतेस का? ती म्हणाली, "कशाला बाबा? तुमचं सगळं खोटंच असतं."

तो माझ्याकडे आला आणि कांद्याच्या पोत्यावर बसला. "अक्का, मुलीला समजावणं हे आत्याचं काम. तू बोल तिच्याशी."

"काय बोलू? बाप खोटं सांगतो ते खरं आहे, पण मनावर घेऊ नकोस?"

"मी कुठे खोटं सांगतो? सिनेमातच आवाज आहे."

"सिनेमात तर माणूस मरतो आणि पुढच्या सिनेमात परत येतो. दर वेळी मयताला जातोस का?"

एरवी तो हसला असता. आज त्याचे डोळे भरून आले. "ती माझ्याकडे बघतही नाही गं," म्हणाला. माझाही जीव गलबलला, म्हणून मी त्याला आणखी दोन शिव्या दिल्या आणि दोघं बाईंच्या घरी गेलो.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. पोरीच्या बापाचं वर्गात हसं करायचं, ही कुठली रीत? पण बाईंनी तोंड उघडूच दिलं नाही. "चुकलं माझं. तिचं उत्तर असं वाचायला नको होतं. पण उत्तर चूक ते चूकच." मग त्यांनी लुबोवाला टेबलाला कान लावायला सांगितलं आणि दुसऱ्या टोकाला नखाने खाजवलं. "ऐकू आलं? आवाजाला चालायला वाट लागते. हवा, पाणी, लाकूड, लोखंड, काहीतरी. तिथे मोकळ्यात काहीच नाही."

लुबोवाने कान उचलला नाही. "आणि यानाच्या आत बसलेल्याचं काय? आत हवा आहे ना?"

"आतलं आत ऐकू येईल."

"बाहेर फुटलेल्या यानाचा तुकडा येऊन याच्या यानावर आदळला तर?"

बाईंनी पुन्हा टेबलावर नख वाजवलं. "तर पत्र्यातून आत येईल आवाज, आणि आतल्या हवेतून कानात."

"म्हणजे धडाम?"

"धडाम," बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "मी लहानपणी अशाच एका हॉलमध्ये यान पाहिलं होतं. हे खरंच उडेल का, म्हणून घरी सगळ्यांना विचारलं. कोणाला सांगता येईना, म्हणून विज्ञान घेतलं. तुम्ही गोष्ट सांगा हो, गोष्टीत खोटं चालतं. फक्त खोटं कुठलं ते तुम्हाला ठाऊक असू द्या."

येताना लुबोवा म्हणाला, "अक्का, शनिवारी मी स्फोटाला आवाज देणार नाही."

"लोक बाकं फेकतील. समोर नवा हॉल उघडलाय, तिकडे जातील."

"जाऊ देत."

शनिवारी मी नासूनाला कांदे चिरायला बोलावलं. आत्याला नाही म्हणता येत नाही, हा आमच्या रीतीचा एक फायदा. बिरुंगी बाईही आल्या, तिकीट काढून पहिल्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर.

सिनेमात मोठं यान फुटायची वेळ आली. लुबोवाने बटण शून्यावर नेलं आणि तोंड मिटलं. आमच्याकडे व्हीजे गप्प झाला म्हणजे वीज गेली, असंच लोक धरतात. "जनरेटर लावा," मागून कोणी ओरडलं. "अरे, पडदा चालू आहे, व्हीजेच गेला," दुसरा म्हणाला. शिट्ट्या सुरू झाल्या, बाकं सरकली.

"मंडळी, वीज आहे," लुबोवाचा आवाज आला. "मीही आहे. हवा नाहीये. रस्ताच नसेल तर टॅक्सी मसाकाहून कंपालाला कशी जाईल? तसंच त्या आवाजाचं झालंय. बिचारा स्टँडवरच उभा आहे."

"मग पैसे परत दे."

"थांब, बाबा. आता आपण दुसऱ्या यानाच्या आत जातोय. आत हवा आहे. आणि तो बघ तुकडा आला."

मग त्याने असा धडाम केला की माझं एक अंडं खाली पडून फुटलं. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. पुढे खेळच झाला. चित्र बाहेर गेलं की सगळे "बाहेर" म्हणून श्वास रोखायचे, आत आलं की "आत" म्हणून बाकं बडवायचे. दोघेजण हे शिकून समोरच्या हॉलमध्ये गेले आणि तिथल्या व्हीजेचा सिनेमा नासवून आले.

नासूनाची सुरी थांबली होती. "आत्या, बाबांनी मुद्दाम आवाज बंद केला?"

"मुद्दाम. लोकांच्या शिव्या खाऊन."

तिने सुरी ठेवली आणि आत गेली. मीही तवा उतरवून दारात उभी राहिले.

शेवटी नायक आणि नायिका यानाबाहेर तरंगत होती, काचेच्या टोप्या घालून. दोघांचे ओठ हलत होते. लुबोवा गप्प. नव्या भक्ताला सोवळं जास्त, तसं झालं त्याचं. लोक चुळबुळ करायला लागले. एवढं प्रेम आणि एक शब्द नाही.

मागच्या बाकावरून नासूना म्हणाली, "बाबा, बोला ना तुम्ही. त्यांच्या टोपीत रेडिओ आहे. रेडिओला हवा लागत नाही."

लुबोवाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली. त्याने माइक तोंडाजवळ घेतला, आणि नायकाचा घोगरा आवाज काढायचा सोडून आपल्याच आवाजात म्हणाला, "अगं, मी बोलतोय ते ऐकू येतंय ना तुला?"

पडद्यावरच्या बाईने ओठ उघडायच्या आत मागून उत्तर आलं.

"येतंय, बाबा."