कारपूल लेनमधलं दुसरं माणूस

ओरालिया क्विंतेरो आमच्या गल्लीत राहायला आली तेव्हा तिची इत्सेल अंगावर पीत होती. नवरा लांब फ्रेस्नो शहरात दुसरा संसार थाटून बसला होता. त्याचा विषय निघाला की ओरालिया म्हणायची, "असेल तिथे जेवत असेल," आणि विषय संपायचा. इत्सेलच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी उभी राहिले, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

आमच्या फोंटानात घरं परवडतात, पण नोकऱ्या पश्चिमेला. ओरालिया व्हिटियरच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. रुग्णांचे ट्रे लावायचे, बिनमिठाचं कोणाला, पातळ कोणाला ते बघायचं. पोचायला उशीर झाला की वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर घड्याळाकडे बघायची. साठ नंबरच्या हायवेवर सकाळी गाड्या नुसत्या सरपटत असतात. डावीकडची कारपूल लेन तेवढी पळते, पण तिथे गाडीत किमान दोन माणसं लागतात.

म्हणून इत्सेल पहिलीत गेली तेव्हा ओरालियाने तिला आमच्या शाळेत न घालता हॉस्पिटलजवळच्या शाळेत घातलं. आईची नोकरी तिकडे असल्यामुळे प्रवेश मिळाला.

"दोघी असलो की लेन मिळते," ती मला म्हणाली. "आणि ती माझ्या डोळ्यांसमोरही राहते."

पुढच्या वर्षांत हे दुसरं वाक्य गळून पडलं. कुणी विचारलं तर ती फक्त लेनचं सांगायची.

लहानपणी इत्सेलला या प्रवासाची मजाच वाटायची. अंधारात निघायचं, फॉइलमध्ये गुंडाळलेला अंड्याचा बुरिटो खायचा, बाजूच्या अडकलेल्या गाड्या मोजायच्या. पाढे तिने त्या गाडीतच पाठ केले. मासिक पाळी म्हणजे काय हेही ओरालियाने तिला गाडीतच सांगितलं, समोर बघत, कारण समोरासमोर बसून ते तिला जमलं नसतं. घरी आल्यावर ओरालिया इतकी थकलेली असायची की बोलणं म्हणजे "जेवलीस का" आणि "दिवा घालव".

बारा-तेराव्या वर्षी मुलगी गप्प झाली. सीट पूर्ण मागे पाडायची, डोक्यावरून पांघरूण घ्यायची आणि व्हिटियर येईपर्यंत झोपायची. एके सकाळी मोटारसायकलवरच्या हायवे पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"बाई, लेनची पाटी वाचली का?"

"दोघी आहोत साहेब. इत्सेल, तोंड दाखव."

पांघरूण हललं नाही. ओरालियाने ते ओढलं तेव्हा खालून विस्कटलेले केस निघाले.

पोलिस हसला. "पाळण्यातलं बाळसुद्धा चालतं मला, पण दिसलं पाहिजे. गेल्या आठवड्यात एकाने कलिंगडाला टोपी घालून बसवलं होतं."

दंड झाला नाही. पण थांबण्यात वेळ गेला, उशीर झाला, आणि वरिष्ठ बाईने घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून सीट पाडायची नाही असा नियम झाला. पोरगी ताठ बसून, कपाळ थंड काचेला टेकून झोपायची. शाळेत तिच्या कपाळावर लाल डाग दिसायचा आणि मुलं चिडवायची. हे मला माझ्या मुलीकडून, ब्रेंडाकडून कळलं. दोघी एका वयाच्या, एकमेकींना सगळं सांगणाऱ्या.

आठवीत गेल्यावर इत्सेलने ठरवलं की हायस्कूल इथलंच, आमच्या गल्लीच्या टोकाचं. ब्रेंडा तिथे जाणार होती. तिथे मोठा बँड आहे, शुक्रवारी फुटबॉलच्या सामन्यांना वाजवत मैदानात उतरतो. इत्सेलला ढोल वाजवायचा होता. सराव संध्याकाळी असतो, आणि व्हिटियरच्या शाळेत अशा कशालाच तिला कधी थांबता आलं नव्हतं. आईचं काम सुटलं की गाडी सुटायची. तिकडच्या एकाही मैत्रिणीच्या घरी ती गेली नव्हती, आणि इकडे ब्रेंडा सोडून तिला कोणी ओळखत नव्हतं.

नाताळआधी माझ्या स्वयंपाकघरात आम्ही तमालेस करायला बसलो होतो. मक्याच्या पानांवर पीठ थापता थापता इत्सेल म्हणाली, "अमा, पुढच्या वर्षी मी ब्रेंडाबरोबर जाणार."

"आणि मी कशी जाऊ? उडत?"

"सगळे जातात तशी. जरा लवकर निघ."

"अजून लवकर? मग रात्रीच निघते की. झोपतेच कशाला."

"कलिंगड बसव ना शेजारी. त्याला शाळाही लागत नाही."

ब्रेंडा फिसकन हसली. ओरालिया हसली नाही. मी म्हणाले, "कोमाद्रे, सकाळी हिला माझ्याकडे पाठव. नाश्ता करेल, दोघी चालत जातील. तुझ्यासाठी आपण लेनला दुसरं कोणीतरी शोधू. कोपऱ्यावरच्या घरातला डॉन चुय तिकडच्याच गोदामात कामाला जातो."

"डॉन चुय रोज सिगारेट ओढतो."

"खिडकी उघडी ठेव."

"एक वर्ष जाऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

इत्सेलने हात धुतले आणि म्हणाली, "अमा, मी तुला माणूस म्हणून हवी आहे की लेनसाठी मोजायचं डोकं म्हणून?"

"पीठ वाळतंय," ओरालिया म्हणाली. एवढंच.

ते एक वर्ष चार वर्षांचं झालं, हायस्कूलही व्हिटियरचंच झालं. डॉन चुयला तिने विचारलंच नाही. शुक्रवारी मैदानावरून बँडचा आवाज आमच्या अंगणात यायचा तेव्हा इत्सेल घरात खिडकी लावून घ्यायची. शाळा संपली त्या उन्हाळ्यातच ती सॅक्रामेंटोला शिकायला गेली, लांबात लांब जिथे प्रवेश मिळाला तिथे. फोन रविवारी, तोही थोडका.

मुलगी गेल्यावर ओरालिया अगदी लवकर निघून साध्या लेनमधून जाऊ लागली. पण एका सकाळी तिला डाव्या लेनमध्ये एकटीला पकडलं. सवयीने ती कधी आत शिरली हे तिलाही कळलं नव्हतं. पोलिस तरुण होता.

"गाडीत किती जण?"

"दोन," ती म्हणाली.

"दुसरं कोण?"

"मुलगी." आणि तिने शेजारच्या सीटकडे हात केला. तिथे तिची डब्याची पिशवी होती. त्याने पिशवीकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?" आणि दंड लावला.

हे सांगायला ती माझ्याकडे आली तेव्हा हसतच आली होती. मीही हसले. मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कोमाद्रे, मला दुपारची पाळी देत होते. इत्सेल आठवीत असतानाच. दुपारी रस्ता मोकळा असतो, लेनबिन काही लागत नाही."

"मग घेतली का नाहीस?"

"दुपारी जाऊन रात्री आले असते तर ती मला दिसली कधी असती? तेवढा गाडीतलाच वेळ होता आमचा. ती झोपलेली असली तरी शेजारी असायची."

"हे तिला सांगितलंस कधी?"

"लेनचं सांगणं सोपं होतं."

"मग आता सांग. आत्ता लाव फोन."

तिने लावला, माझ्यासमोरच, आवाज मोठा ठेवून. आधी दंडाची गंमत सांगितली. पलीकडे इत्सेल जरा हसली. मग ओरालियाने अडखळत, दुपारची पाळी का नाकारली तेही सांगितलं.

"अमा," इत्सेल म्हणाली, "हे तेव्हा म्हणाली असतीस तर मी कुरकुरत का होईना, आले असते. किंवा तू मला थांबू दिलं असतंस. दोन्हींतलं काहीतरी झालं असतं."

"हो मिहा, हो पोरी."

"मला क्लासला जायचंय. ठेवते." त्या नाताळला ती आली नाही. मैत्रिणीच्या घरी गेली. तिला मैत्रिणी मिळाल्यात याचं ओरालियाला बरं वाटलं, असं ती म्हणाली, आणि मी ते खरं मानलं.

परवा आम्ही दोघी तिच्या गाडीतून व्हिटियरला निघालो होतो, माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. साठ नंबर नेहमीसारखा तुंबलेला. डावीकडची लेन मोकळी पळत होती आणि ती उजवीकडेच रांगत राहिली.

"अगं, दोघी आहोत की," मी म्हणाले. "घे आत."

"घाई कुठे आहे, कोमाद्रे? बोलत बोलत जाऊ."

मी बरं म्हणाले. मग व्हिटियर येईपर्यंत आम्ही दोघी फारसं काही बोललो नाही.