एकतिसावा ठिपका

अनंतरावांनी सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी सकाळी साडेदहा वाजले की त्यांना कुणाची तरी हजेरी घ्यावीशी वाटे. माणसं मिळाली नाहीत तर ते स्वयंपाकघरात जात.

"अगं, चिमटा दोन दिवसांपासून गैरहजर आहे."

"रजेवर गेलाय," यमुनाबाई पोळी उलटत म्हणत. "अर्ज माझ्याकडे आहे."

अशा या घरात पुतणी वैदेही राहायला आली. ती विद्यापीठात गणितात पीएच.डी. करत होती. माणसं कुठं जातात, कुणाला भेटतात, त्यावरून साथ कशी पसरेल हे आधीच गणितानं सांगायचं, असा तिचा विषय. योग असा, की त्याच पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली आणि हर्सूलच्या त्यांच्या कॉलनीत शिरली. कॉलनीत घरं तीस. वैदेहीनं लॅपटॉपवर तीस ठिपके काढले. महिनाअखेरच्या शुक्रवारी विभागात सादरीकरण होतं. गणित प्रत्यक्ष साथीशी जुळलं नाही तर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

"घराघरातून कोण कुठं गेलं ते रोज कळायला हवं, काका. पण फोनवर फॉर्म कुणी भरतच नाही."

"फोनवर कोण भरेल? त्याला मस्टर लागतं," अनंतराव म्हणाले, आणि बसल्या जागी दहा वर्षांनी तरुण झाले.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर तयार. नाव, कुठं गेले, कुणाला भेटले, डोळे लाल की पांढरे, सही. रजिस्टरला पेन दोऱ्यानं बांधलेलं, कारण न बांधलेलं पेन परत येत नाही हे चौतीस वर्षांचं ज्ञान. स्वतःचं पेन खिशात; ते त्यांनी कधी साहेबालासुद्धा दिलं नव्हतं. एक नंबरपासून तीस नंबरपर्यंत ओळीनं फेरी. डोळे आलेला माणूस उशीत तोंड खुपसून पडला असला तरी त्याला उठवून सही. "सहीशिवाय नोंद ग्राह्य नाही."

वैदेहीच्या गणिताचा संशय होता तीस नंबरच्या बिरूवर. बिरू पिशोरकडचा, वाळूजला कंपनीत कामाला. बसमध्ये रोज पन्नास जणांत बसणारा. साथ त्याच्याकडून येणार आणि आठवड्यात विरणार, असं लॅपटॉप म्हणत होता. ही बातमी कॉलनीत फुटली आणि बिरूचं जिणं मुश्कील झालं.

"ताई, बघा की माझे डोळे," तो फाटकाशी येऊन पापण्या ताणून दाखवायला लागला. "हायेत का लाल? काल टपरीवाल्यानं मला चहा काठीनं सरकवला. लई झालं आता!"

त्याचे डोळे खरंच स्वच्छ होते. साथ मात्र विरेना. सात नंबरला सुरू झाली, मग आठ, नऊ, मग दहा, अकरा, बारा. पोस्टमन निघाल्यासारखी ओळीनं.

"हे कसं शक्य आहे?" वैदेही डोकं धरून बसली. "आठ नंबरच्या आवडाबाई आणि नऊ नंबरच्या शालूताई सहा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. मग एकीचे डोळे दुसरीला आले कसे?"

रविवारी ती काकांबरोबर फेरीला गेली. बाराव्या घरातल्या सखारामनं डोळा चोळला, त्याच हातानं पेन धरलं, सही केली. तेराव्या घरातल्या रूपाताईंनी तेच पेन घेतलं, काल कुठं गेले होते ते आठवेना म्हणून त्याच हातानं डोळे चोळले, मग सही केली.

वैदेही जागच्या जागी थिजली. "काका, या रजिस्टरात तुमची नोंद कुठंय?"

"माझी कशाला? मी तर नोंद घेणारा."

घरी येऊन तिनं एकतिसावा ठिपका काढला. गणित चुटकीसरशी जुळलं. हा ठिपका सोमवारपासून घरात बसला, तर गुरुवारपासून नवा रुग्ण नाही, असं उत्तर आलं. पण हे काकांना सांगायचं कुणी?

"अहो," यमुनाबाईंनी ताट वाढता वाढता सांगून टाकलं, "साथ म्हणजे तुम्हीच आहात."

अनंतरावांचा घास हातातच राहिला. "चौतीस वर्षांत मला एक मेमो नाही!" त्यांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "बसतो घरात. पण लेखी आदेश पाहिजे."

वैदेहीनं लेखी आदेश दिला. दोऱ्याचं पेन चुलीत गेलं.

सोमवारी दुपारी वेगळंच संकट उभं राहिलं. अनंतराव दिसले नाहीत म्हणजे नक्कीच अंथरुणाला खिळले, असा कॉलनीचा समज झाला. आणि आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. काळे चष्मे लावून, डबे घेऊन बारा-पंधरा जण फाटकाशी जमले. आवडाबाई आणि शालूताईसुद्धा, पाठीला पाठ लावून.

"संपलं!" वैदेही रडकुंडीला आली. "सगळे ठिपके एकाच ठिकाणी! आता शुक्रवारी सरांना काय दाखवू?"

"मी ठणठणीत आहे, घरी जा!" अनंतराव गच्चीवरून ओरडले.

"ताप डोक्यात गेलाय वाटतं," खालून आवाज आला, आणि फाटकाची कडी वाजली.

अनंतरावांनी शेजारी उभ्या पुतणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "आजची वेळ संपली. उद्या या."

कडीवरचा हात मागं आला. आयुष्यभर कचेऱ्यांत खेटे घातलेली माणसं ती. निमूटपणे वळली. मंगळवारी पुन्हा आली तेव्हा ऐकू आलं, "जेवणाची सुट्टी आहे." बुधवारी, "सर्व्हर बंद आहे." गुरुवारी कुणी आलंच नाही.

डोळेही कुणाला आले नाहीत. शुक्रवारी वैदेही विद्यापीठातून आली ती धावतच.

"सरांनी विषय कायम ठेवला! म्हणाले, बाहेर पडणाऱ्या माणसांना सगळेच मोजतात. मोजणाऱ्याला पहिल्यांदाच कुणीतरी मोजलं."

अनंतरावांनी मान डोलावली, शर्ट बदलला, साबणानं हात धुतले आणि मोकळ्या हातानं तीस नंबरला गेले. बिरू नुकताच पाळीवरून आला होता.

"बिरू, चूक आमची होती रे."

"व्हय, ती तर होतीच," बिरू म्हणाला आणि खुर्ची पुढं सरकवली. काठीनं नाही, हातानं. "बसा. चहा टाकतो."