सासरच्या पाकिटात

बाबा गेल्याचं मी कामठीच्या आत्याला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या कपाटाची चाबी कोणापाशी आहे वं?" सख्खा भाऊ गेलेला, अजून घरातून हलवलासुद्धा नव्हता, आणि ही चाबी विचारते... ऐकणाऱ्या कोणालाही राग यावा. मला आला नाही.

मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली म्हणजे बाबांचं संग्रहालय. नोकरीत असतानाच त्यांना घराण्यांचा इतिहास लावायचं वेड लागलं आणि निवृत्तीनंतर त्याला धरबंद राहिला नाही. आमच्याच नव्हे, कामठी-कन्हानकडच्या कितीतरी घरांमधून सनदा, लग्नपत्रिका, विणकरांचे जुने धोटे आणि ढीगभर फोटो त्यांनी गोड बोलून आणले. प्रत्येक आडनावाचं एक खाकी पाकीट, पाकिटाला नंबर. अभ्यासक यायचे, चहा प्यायचे, थक्क होऊन जायचे. शोकसभेत एकजण म्हणाले, यांनी विस्कटलेली घराणी एकत्र आणली. मी मान खाली घालून बसले होते, हसू फुटेल या भीतीने.

कारण बाबांचा एक नियम होता. लग्न झालेली मुलगी सासरच्या आडनावात जाते, म्हणून तिचा फोटोही सासरच्या पाकिटात. आणि फोटो अख्ख्या कुटुंबाचा असला तर? तर कात्री. चष्मा कपाळावर सरकवून बाबा लेकींना आयांच्या कडेवरून कापून काढायचे. "स्कॅन करा ना, मूळ फोटो कशाला कापता?" असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मुळातच घोळ ठेवला, तं त्याले इतिहास काहून म्हणाचं?" लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी राहायला आले, तोवर माझं पाकीट बदललेलं होतं. त्यांच्या खांद्यावर बसलेली लहानगी मी... खांद्याशिवाय. हे मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

आत्याचा आजीबरोबर एकच फोटो होता. आजी लवकर वारली. आत्याला आईचा चेहरा आठवायचा तो त्या फोटोतलाच. 'नंबर टाकून देतो' म्हणून बाबांनी तो नेला आणि दिलाच नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती म्हणायची, "दादा, मायचा फोटो दे ना गा मले." बाबा ताटात ओवाळणी टाकत म्हणायचे, "काम चालू आहे." शेवटच्या आजारात ती दवाखान्यात आली, पायाशी बसली आणि पुन्हा तेच मागितलं. बाबांना धाप लागली होती, तरी बोलले, "तू आता त्या घरची. तुले काहून पाहिजे आमची माय?" आत्या पदर सावरून उठली आणि शेअर ऑटो धरून कामठीला निघून गेली.

तेरावं झाल्यावर आम्ही दोघींनी कपाट उघडलं. आमच्या आडनावाच्या पाकिटात आजी सापडली, हात मनगटापाशी संपलेला. आत्याच्या सासरच्या पाकिटात दोन वेण्यांची मुलगी, तिच्या खांद्यावर चार बोटं. आत्याने तुकडे टेबलावर एकमेकांना भिडवून पाहिले. जुळेनात. कडा सरळ दिसाव्यात म्हणून बाबांनी दोन्ही बाजू छाटल्या होत्या. मधली पट्टी केव्हाच कचऱ्यात गेली असणार. "बोटभर फट पडून राहिली वं," ती म्हणाली, आणि तरी तुकडे सरकवत राहिली.

समोरच्या भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो होता. त्यांचा एकट्याचा चांगला फोटो घरात मिळालाच नाही, म्हणून स्टुडिओवाल्याने माझ्या सासरी असलेल्या पाठवणीच्या फोटोतून त्यांना वेगळं काढून दिलं. मी त्यांना बिलगून रडत होते. त्यांच्या खांद्यावर माझी मेंदीची बोटं तेवढी राहून गेली होती. आत्याने वर पाहिलं. "तुही बोटं राहिली त्याच्यापाशी," ती म्हणाली. "त्याले नाही चालाचं."

कात्री कपाटाच्या दारामागे खिळ्याला टांगलेली होती, नेहमीच्याच जागी. मी हार काढला, फ्रेम उतरवली आणि बोटं सरळ रेषेत कापली. तो तुकडा आता माझ्या सासरच्या पाकिटात आहे. त्यावर नंबरही टाकला.